डावीकडचा आवाज

सुवर्णा शाळेत असताना घरातल्या रेडिओचं आवाजाचं बटण फिरवलं की आतून खरखर यायची. तिचे वडील गोटीराम रेडिओला एक चापट मारायचे, खरखर थांबायची आणि बाजारभाव पुढे सुरू व्हायचे. चापटीने नेमकं काय होतं, हा प्रश्न घरात फक्त सुवर्णाला पडला. एका दुपारी आई-वडील मळ्यात मेथी काढत असताना तिने रेडिओ उघडला आणि बटणामागची पत्र्याची डबी सोडवली. आत घोड्याच्या नालेसारखा एक काळा पट्टा होता आणि त्यावरून पितळेचं एक बारीक बोट फिरत होतं. बोट रोज जिथे थांबायचं तिथे पट्टा झिजून गेला होता. तिने तो कापसाने पुसला, सगळं पुन्हा जोडलं, रेडिओ लावला. खरखर गेली होती. एक स्क्रू मात्र उरला. तो तिने चुलीमागे दडवला आणि आठवडाभर कुणी विचारतंय का याची वाट पाहिली. कुणीच विचारलं नाही.

मखमलाबादच्या त्या मळ्यात वांगी, मेथी, कोथिंबीर आणि बांधाला झेंडू असायचा. थोरला भाऊ भारत वडिलांबरोबर शेतीत रमला. सुवर्णाने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागली. तयार झालेले रिले, म्हणजे विजेने उघडझाप होणारे छोटे स्विच, तिच्या टेबलावर यायचे, ती त्यांना मीटर लावायची, आणि जो मनासारखा वागत नसेल तो बाजूला काढायची. पुढे महेशशी लग्न झालं. महेश रेल्वेत तिकीट खिडकीवर होता. नाशिक रोडला जेल रोडच्या एका कॉलनीत त्यांनी दोन खोल्यांचा संसार मांडला.

महेशला विजेतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्याला ऐकायचं वेड होतं. बासरी, सारंगी, नुसता तंबोरा लागला तरी तो डोळे मिटून बसायचा. दिवसभर काचेच्या भोकातून लोकांची गावं ऐकून ऐकून त्याचे कान शिणायचे आणि घरी आल्यावर त्यांना काहीतरी गोड द्यावं लागायचं. सुवर्णाची गंमत वेगळी होती. तो बासरी ऐकायचा, ती बासरी कुठून कशी येते ते ऐकायची.

शहाण्णव साली तिने स्वतःचा प्रीअँप बांधायला घेतला. कॅसेट किंवा सीडीतून निघणारा आवाज मोठ्या अँप्लिफायरच्या हाती सोपवण्याआधी तो हवा तेवढा कमी-जास्त करून देणारी पेटी म्हणजे प्रीअँप. सगळा जीव त्या एका बटणात. बाजारात मिळणाऱ्या बटणात एकाच दांड्यावर दोन काळे पट्टे असतात, एक डावीकडच्या स्पीकरचा, एक उजवीकडच्या. आवाज मोठा असला तर दोघांचं चांगलं जमतं. आवाज अगदी कमी केला की एक पुढे पळतो, दुसरा मागे राहतो, आणि मधोमध बसलेला गवई एका बाजूला सरकतो. सुवर्णाला हे खपेना. मुंबईहून मागवलेली बटणं तिने एकामागून एक तपासली आणि सगळी डब्यात टाकून दिली. शेवटी तिने गोल फिरणारा एक स्विच आणला आणि त्याच्या प्रत्येक घरावर वीज कमी-जास्त अडवणारे इवलेसे रेझिस्टर निवडून निवडून सारखे जोडले. कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने खात ती दुसऱ्या हाताने रेझिस्टर मोजायची.

पेटी तयार झाली. बटण फिरवलं की कट्, कट् असा आवाज व्हायचा, आणि आवाज कितीही कमी केला तरी बासरी मधोमध उभी राहायची. महेश म्हणाला, "अगं, हा माणूस आपल्या देव्हाऱ्यासमोर बसून वाजवतोय!" सुवर्णाला कुणी याहून मोठी शाबासकी दिल्याचं आठवत नव्हतं. पुढची दहा वर्षं ती पेटी हॉलमध्ये टीव्हीशेजारी बसून राहिली.

एव्हाना भारतने दिंडोरीकडे जमीन घेऊन पॉलिहाऊसमध्ये जरबेरा लावला होता. दोन हजार सहा साली तो इतर फूल उत्पादकांबरोबर हॉलंड बघून आला. येताना सगळ्यांनी चॉकलेटं आणली, भारतने बहिणीसाठी एक काळी पेटी आणली, फार तर डिक्शनरीएवढी. घरातल्या कॉम्प्युटरवर साठवलेली गाणी ही पेटी बिनतारेची ओढून घ्यायची आणि थेट अँप्लिफायरला द्यायची. इंटरनेटवरून परदेशातली रेडिओ स्टेशनंसुद्धा लागायची. सोबत एक रिमोट होता.

"आता तुझी ती कट्कट् पेटी काढून टाक," भारत सोफ्यावर बसता बसता म्हणाला. "आवाज रिमोटनेच कमी-जास्त होतो. मध्ये तार कमी, जोड कमी. तिथं दुकानातल्या माणसाने मला समजावून सांगितलंय."

"कमी कसा होतो ते सांगितलं का?"

"आकड्याने. शंभरावरून पन्नासवर आणायचा."

"दादा, तिथंच तर घोळ आहे," सुवर्णा म्हणाली आणि स्वयंपाकघरातून पीठ मळायचं सोडून हात पुसत आली. "सीडीतला आवाज म्हणजे आकडेच. सगळ्यात मोठ्या आवाजाचा आकडा मोठा, बारीक आवाजाचा छोटा. तू आकडे भागून आवाज कमी केलास, तर बारीकसारीक आकडे भागता भागता शून्यच होणार. तुझ्या फुलांच्या मोठ्या काट्यावर पावशेर शेवंती टाकून बघ. काटा हलेल का?"

हा हिशेब भारतला कळला. पण तो लगेच म्हणाला, "आणि काट्यावर बारीक वजनं जास्तीची ठेवली असतील तर?"

पेटीबरोबर आलेलं पुस्तक सुवर्णाने जेवतानाही वाचलं. भारतचं म्हणणं खरं निघालं. सीडीतला आकडा सोळा घरांचा, पण या पेटीच्या आत चोवीस घरं होती. म्हणजे भागाकार केला तरी उरलेलं ठेवायला खाली आठ घरं रिकामी. बारीक आवाज एकदम शून्य होत नव्हता. मग आपल्या कट्कट् पेटीचा उपयोग काय? तिला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी उत्सुकताही वाटली. दहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्यासमोर असा प्रश्न ठेवला होता ज्याचं उत्तर तिला माहीत नव्हतं.

"ऐकूनच ठरवू," ती म्हणाली. "पण डोळे झाकून."

पुढच्या रविवारी सकाळी भारत पुन्हा आला. सुवर्णाने तयारी करून ठेवली होती. सामानासमोर एक चादर टांगली होती आणि चादरीमागे महेशला बसवलं होतं. कधी नव्या पेटीने आवाज कमी करायचा, कधी नव्या पेटीचा आकडा शंभरावरच ठेवून जुन्या प्रीअँपने कमी करायचा. काय केलं ते बोलायचं नाही. दोन्हीकडून आवाज अगदी सारखा यावा म्हणून तिने स्पीकरच्या तारांना मीटर लावून आधीच खुणा करून ठेवल्या होत्या. नाहीतर जो जरा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, हे तिला ठाऊक होतं.

"मी इथे आत बसून गाणं ऐकणार कसं?" महेश चादरीमागून म्हणाला.

"तुम्ही आज ऐकायचं नाही. तुम्ही आज खिडकीवर आहात," सुवर्णा म्हणाली.

पहिल्यांदा नेहमीच्या आवाजात ऐकलं. भारत एकदा म्हणाला हे जुनं, एकदा म्हणाला हे नवं, आणि निम्म्या वेळा चुकला. सुवर्णाही निम्म्या वेळा चुकली. मग तिने आवाज फार कमी करायला सांगितला, इतका की शेजारच्या घरातल्या मिक्सरचा आवाज त्याहून मोठा होता. तिथेच फरक पडायला हवा होता.

"हे नवं," सुवर्णा म्हणाली. "डावी बाजू कमी आहे."

चादरीमागून फक्त तारांची खुडबुड ऐकू आली.

"हेही नवंच. डावीकडे तंबोऱ्याचा जाड सूर येतच नाहीये."

"मला तर मधोमध वाटतंय," भारत म्हणाला.

"दादा, तू पॉलिहाऊसच्या पंख्यांत कान घालवलेस. पुन्हा लावा हो."

महेशने पुन्हा लावलं. सुवर्णा पुन्हा तेच म्हणाली. तीनदा, चारदा. प्रत्येक वेळी डावी बाजू कमी. मग खूप वेळ काहीच वाजलं नाही. चादर बाजूला सारून महेश बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"सुवर्णा, पहिल्या दोन वेळा तुझा प्रीअँप होता," तो म्हणाला. "नंतर नवी पेटी. आणि शेवटी मी डाव्या स्पीकरची तार उजवीकडे लावली आणि उजव्याची डावीकडे. मला वाटलं, खरंच पेटीत दोष असेल तर तू आता उजवी बाजू कमी म्हणशील."

भारतला काही कळलं नव्हतं. "म्हणजे स्पीकर खराब?" त्याने विचारलं.

सुवर्णा उठली. तिने खुर्ची उचलून उलट दिशेला फिरवून ठेवली आणि स्पीकरकडे पाठ करून बसली. "लावा," ती म्हणाली. आता जो स्पीकर मघाशी तिच्या उजवीकडे होता, तो डावीकडे आला होता. तंबोरा सुरू झाला. ती मान न हलवता ऐकत राहिली.

"डावीकडेच कमी," ती म्हणाली. तिचा स्वर कारखान्यात एखादा रिले बाजूला काढताना लागायचा तसाच होता. "दोन्ही पेट्या चांगल्या आहेत. स्पीकरही चांगले आहेत. माझा डावा कान कमी ऐकतोय."

महेश तिच्यासमोर जमिनीवर बसला. "मला कळायला हवं होतं," तो म्हणाला. "वर्षभर तू फोन उजव्या कानाला लावतेस. रस्त्याने चालताना मला नेहमी उजवीकडे घेतेस. मला वाटायचं, गाड्यांच्या बाजूने मी असावं म्हणून."

ती हसली, पण तिचे डोळे भरले होते. आवाजाची मधोमध जागा शोधण्यात जिने दहा वर्षं घालवली, तिच्याच डोक्यातला काटा एका बाजूला झुकला होता आणि तिला पत्ता नव्हता.

गंगापूर रोडवरच्या कानाच्या डॉक्टरांकडे जायला तिने दोन आठवडे लावले. कारण भीती. पण तिथे गेल्यावर भीती कुठल्या कुठे गेली, कारण तिथे मोजमाप होतं. एका बंद खोलीत हेडफोन लावून बसवलं, बारीक बारीक सूर ऐकवले, ऐकू आला की बटण दाबायचं. कागदावर दोन रेघा उमटल्या. उजव्या कानाची वर, डाव्याची बरीच खाली, आणि जाड सुरांकडे जास्तच खाली.

मग डॉक्टरांनी लोखंडी चिमट्यासारखा दिसणारा एक काटा टेबलावर आपटून वाजवला आणि त्याचा दांडा तिच्या कपाळाच्या मधोमध टेकवला. "कुठल्या बाजूला ऐकू येतंय?"

सुवर्णाने डोळे विस्फारले. "डावीकडे!"

"बरोबर."

"पण तोच तर खराब आहे ना, डॉक्टर?"

डॉक्टर वयस्कर होते, आणि असं विचारणारे पेशंट त्यांना आवडत असावेत. त्यांनी कागदावर कान काढून दाखवला. पडदा, पडद्यामागे तीन इवलीशी हाडं, आणि त्यामागे खरं ऐकणारी नस. "तुमची नस ठणठणीत आहे. कपाळाचं हाड हलवलं की आवाज थेट तिच्यापर्यंत पोचतो. अडलंय ते शेवटचं हाड. ते जागच्या जागी घट्ट बसलंय, हलत नाही. म्हणून बाहेरचा आवाज आत कमी पोचतो."

"म्हणजे आवाज ऐकणारा भाग चांगला आहे, आत सोडणारं बटण अडकलंय."

"असंही म्हणता येईल," डॉक्टर म्हणाले. "यावर ऑपरेशन आहे. अडकलेल्या हाडात भोक पाडून तिथे बारीक दांडी बसवतात. बहुतेकांना चांगलं ऐकू येतं. क्वचित एखाद्याचं आहे तेही जातं. घाई नाही, विचार करा. आणि एक सांगा, घरात आणखी कुणाला ऐकायला कमी येतं का?"

"आमचे आबा. माझे वडील. पण ते वयामुळे."

"कधीपासून?"

सुवर्णाने आठवून पाहिलं. तिच्या दहावीच्या वेळी आबा चाळिशीत होते, आणि तेव्हाही त्यांना दोनदा हाक मारावी लागायची.

"त्यांना गोंगाटात जास्त चांगलं ऐकू येतं का? शांत घरापेक्षा बाजारात?" डॉक्टरांनी विचारलं.

हा प्रश्न ऐकून सुवर्णा खुर्चीत ताठ बसली. कारण हेच, अगदी याच शब्दांत, तिच्या आईचं आयुष्यभराचं गाऱ्हाणं होतं.

रविवारी ती आणि भारत मखमलाबादला गेले. गोटीराम पासष्टी ओलांडलेले, तरी रोज मळ्यात. आई, ठमाबाई, ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. सुवर्णाने हकिकत सांगायला सुरुवात केली, आणि बाजाराचा उल्लेख येताच ठमाबाईंनी लसूण बाजूला ठेवला.

"हे मी कधीपासून सांगत्येय," त्या म्हणाल्या. "मार्केटात लिलावाला हजार माणसं वरडतात, तिथं यांना व्यापाऱ्याचा भाव बरोब्बर ऐकू येतो. आणि घरात मी एकटी बोलते, ते मात्र नाय. मी म्हनायची, माझंच बोलणं नको असंल. मग मी बोलणंच कमी केलं."

गोटीरामांना यातलं अर्धंमुर्धं ऐकू आलं असावं. "काय म्हणत्ये?" त्यांनी भारतला विचारलं.

सुवर्णा त्यांच्या अगदी जवळ जाऊन बसली आणि मोठ्याने म्हणाली, "आबा, गोंगाटात माणसं मोठ्याने बोलतात. तुमच्या कानाला तो गोंगाट फारसा पोचत नाही, पण ओरडून बोललेलं पोचतं. म्हणून बाजारात तुम्हाला सोपं जायचं. घरात आई हळू बोलते. ते पोचतच नव्हतं."

"मग मी काय येगळं सांगत होतो?" गोटीराम म्हणाले. "म्या म्हनलं हाय का नाय, की ही तोंडातल्या तोंडात बोलत्ये?"

सगळे हसले. ठमाबाई हसल्या नाहीत. त्या नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पहिल्यांदाच बघत असल्यासारख्या बघत होत्या. "नाटक नव्हतं तर," त्या हळूच म्हणाल्या. अर्थातच गोटीरामांना ते ऐकू आलं नाही.

गोटीरामांना डॉक्टरकडे नेणं सोपं नव्हतं. "मला आता ऐकून काय करायचंय? लय ऐकून झालंय," असं त्यांचं पालुपद. शेवटी ठमाबाईंनीच फर्मान सोडलं, आणि तेही इतक्या मोठ्याने की बाजूच्या मळ्यातली बाई काम सोडून बघायला आली. तपासणीत तोच आजार निघाला, दोन्ही कानांत. ऑपरेशनला त्यांनी साफ नकार दिला, पण कानामागे बसणारं यंत्र घ्यायला तयार झाले. घरी आल्यावर त्यांनी ओट्यावर बसून बराच वेळ कान देऊन ऐकलं. मग उठून विहिरीकडे गेले आणि परत येऊन भारतला म्हणाले, "मोटर कोरडी ओढतीय. आवाज येतोय तिचा. किती दिस झालं हे?"

भारत पळत गेला. मोटर खरंच हवा ओढत होती.

त्या दिवसापासून ठमाबाई पुन्हा बोलायला लागल्या. भारत सांगतो, त्यांनी पंचवीस वर्षांचं साठवलेलं एकदम काढलं. कुणाच्या लग्नात काय झालं होतं, कुठली म्हैस का विकली, सुवर्णाच्या वेळी प्रसूतीला किती त्रास झाला. गोटीराम यंत्राची कळ बोटाने वर-खाली करत ऐकत बसायचे. मध्येच विचारायचे, "असं झालं व्हतं? मला कसं नाय म्हाईत?" आणि ठमाबाई न चिडता पुन्हा सांगायच्या.

सुवर्णाचा मात्र वर्ष उलटलं तरी निर्णय होईना. नवी पेटी तिला एक पळवाट दाखवत होती. कॉम्प्युटरवरूनच डावीकडचा आवाज वाढवता येत होता. तिने तो आपल्या कागदावरच्या रेघेच्या हिशेबाने वाढवला, जाड सूर थोडे जास्तच, आणि बासरी लावली. बासरी सरकत सरकत मधोमध आली. तिला इतका आनंद झाला की तिने महेशला हाक मारली. महेश तिच्या शेजारी बसला आणि कसंनुसं तोंड करून म्हणाला, "माझ्यासाठी सगळं डावीकडेच गेलंय गं."

तिने आकडे पूर्ववत केले. मग त्याला ऐकू द्यायचं असेल तेव्हा त्याच्यासाठी, आणि एकटी असताना स्वतःसाठी, अशी दोन मापं ठेवून पाहिली. महिनाभरात ती कंटाळली. ती महेशला म्हणाली, "आपण दोघं एका वेळी एकच गाणं ऐकू शकत नाही. हे काही बरोबर नाही. मी ऑपरेशन करते."

महेश घाबरला होता. आहे तेही गेलं तर, हे डॉक्टरांचं वाक्य त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. सुवर्णाही घाबरली होती, पण तिने डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले की शेवटी ते म्हणाले, "बाई, तुम्हीच करता का?" दांडी कशाची असते, तिची लांबी कोण ठरवतं, सैल झाली तर काय, विमानात बसलं तर काय. प्रत्येक उत्तरानंतर तिची भीती थोडी थोडी कमी होत गेली.

दोन हजार आठच्या थंडीत ऑपरेशन झालं. कान बधिर केला होता, पण ती जागी होती. कापडाखाली अंधारात तिला दूरवरून हत्यारांचे आवाज येत होते, कापसातून आल्यासारखे. मग अचानक कुणीतरी दार उघडावं तसं झालं. ताटलीत ठेवलेल्या चिमट्याचा किणकिणाट तिच्या डाव्या बाजूला स्वच्छ वाजला.

"ऐकू येतंय?" डॉक्टरांनी कुजबुजत विचारलं.

"डॉक्टर, माझ्या डावीकडच्या सिस्टरने आत्ता काहीतरी खाली ठेवलं," सुवर्णा म्हणाली.

खोलीत सगळे हसले. सुवर्णाला मान हलवायची मनाई होती, म्हणून तिने नुसतेच डोळे मिटून घेतले आणि अश्रू कानाच्या दिशेने जाऊ नयेत याची काळजी करत राहिली.

पुढचे काही आठवडे विचित्र गेले. कुकरची शिट्टी झाली की ती दचकायची. वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज तिला पत्रा फाटल्यासारखा वाटायचा. जिभेच्या डाव्या कडेला सगळ्याला लोखंडाची चव यायची, अगदी पुरणपोळीलासुद्धा. डॉक्टर म्हणाले, चवीची एक बारीक नस कानातून जाते, ती दुखावली, होईल बरी. जिभेची नस कानातून का जाते, याचा सुवर्णाने इतका पिच्छा पुरवला की महेशने ओळख काढून एका कॉलेजच्या लायब्ररीतून शरीरशास्त्राचं पुस्तक आणून दिलं.

चव परत आली तेव्हा भारतला पुन्हा बोलावलं. चादर पुन्हा टांगली, महेश पुन्हा आत बसला. या वेळी सुवर्णाला बासरी मधोमध ऐकू आली, जुन्या पेटीतही आणि नव्या पेटीतही. गाणं चालू असताना दोघांतला फरक ना तिला ओळखता आला ना भारतला.

"मग मी जिंकलो," भारत म्हणाला.

"थांब. गाणं बंद कर, पण पेट्या चालू ठेव."

तिने डावा कान स्पीकरच्या जाळीला लावला. आतून अगदी बारीक सुर्र असा आवाज येत होता. तिने नव्या पेटीचा आकडा कमी केला. गाणं कमी होत होतं, पण सुर्र तेवढंच राहत होतं. मग नव्या पेटीचा आकडा शंभरावर नेला आणि जुन्या प्रीअँपचं बटण मागे घेतलं, कट्, कट्. सुर्र त्याबरोबर कमी होत गेलं.

"बघ," ती म्हणाली. "आकड्याने कमी केलं की गाणं लहान होतं, पण पेटीचा स्वतःचा श्वास तेवढाच राहतो. माझ्या पेटीत दोन्ही एकत्र लहान होतात."

भारतने कान लावला. त्याला काहीच ऐकू आलं नाही. तो म्हणाला, तुला नवा कान मिळालाय म्हणून तू आता भिंतीतल्या मुंग्याही ऐकशील. पण तिने त्याच्यासमोरच नवी पेटी आणि अँप्लिफायर यांच्यामधल्या तारेत दोन-दोन रेझिस्टर जोडले, म्हणजे आवाज आधीच आटोक्यात आला आणि रिमोटवरचा आकडा नेहमी वरच ठेवता आला. सुर्र गेलं. मध्ये प्रीअँप लागलाच नाही. दोघांनीही आपण जिंकलो असं मानलं, आणि महेशने चहा टाकला.

प्रीअँप तिने महेशच्या कॅसेटसाठी ठेवून दिला. त्या कॅसेटना आकडे नव्हतेच. भारतनेही कान तपासून घेतले. त्याचे दोन्ही कान ठीक निघाले, आणि तो सगळ्यांना ते इतक्यांदा सांगत राहिला की सुवर्णाने त्याला कागद फ्रेम करून लावायला सांगितलं.

दुसऱ्या वर्षी तपासणीला गेल्यावर उजव्या कानाची रेघही जराशी खाली आलेली दिसली. डॉक्टरांनी ते सांभाळून, हळू आवाजात सांगितलं. त्यांना वाटलं असावं, ही बाई खचेल. सुवर्णाने कागद हातात घेऊन दोन्ही वर्षांच्या रेघा एकमेकींवर धरून उजेडाकडे बघितल्या.

"म्हणजे कधीतरी यातही दांडी बसवावी लागेल."

"कदाचित. अजून पुष्कळ वर्षं आहेत."

"चालेल," सुवर्णा म्हणाली. "पण मागच्या वेळी तुम्ही ती मला न दाखवताच आत घातलीत. एखादी असेल तर आत्ताच दाखवा ना."

डॉक्टरांनी कपाटातून एक छोटी डबी काढली आणि चिमट्याने ती दांडी एका काळ्या कापडावर ठेवली. तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक होती ती, एका टोकाला इवलासा हूक. महेश वाकून बघायला गेला आणि त्याच्या श्वासाने ती हलली. सुवर्णाने त्याला मागे सारलं, पर्समधून कारखान्यातलं भिंग काढलं आणि बराच वेळ ती दांडी बघत राहिली.